एका घरात किती कुत्री?

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यंदा एक ठराव आला. 'कोणत्याही सदनिकेत दोनपेक्षा जास्त कुत्री पाळू नयेत.' ठरावात कोणाचं नाव नव्हतं, पण सात विंगमध्ये दोनपेक्षा जास्त कुत्री असलेलं घर एकच आहे, आणि ते आमचं. घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ, चौदाव्या मजल्यावर, दोन बेडरूमच्या घरात आम्ही चार माणसं आणि चार कुत्री राहतो. चिंगी पॉमेरियन, लाडू पग, सखू शिह त्झू आणि ठमी डॅशहंड. चौघांना एकदम काट्यावर ठेवलं तर वजन जेमतेम एका लॅब्रॅडॉरएवढं भरेल.

मी ठरावाला विरोध केला. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळाली. तेवढ्यात जे मांडता आलं नाही ते इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न आता एका सोसायटीपुरता उरलेला नाही. ठाण्यात माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत आणि खाडीपलीकडे ऐरोलीपासून खारघरपर्यंत टॉवर वाढले, तशी त्यांतल्या घरांमधली छोटी कुत्रीही वाढली आणि त्यांच्यावरून होणारी भांडणंही. माझं म्हणणं असं आहे की कुत्र्यांचा आकडा बाहेरच्यांनी ठरवू नये. पण घरातल्यांनी तो ठरवलाच पाहिजे, आणि नेमकं तेच आम्ही कुत्री पाळणारे करत नाही.

मुरबाडला माझ्या माहेरी कुत्रा होता. 'घरात' नव्हता, घराचा होता. अंगणात राहायचा, रात्री गोठ्याभोवती फिरायचा, उरलेली भाकरी ताकात कुस्करून दिली की खायचा. त्याला फिरवायला कोण नेणार, त्याची शी कोण उचलणार, तो दिवसभर एकटा पडेल का, असले प्रश्न आमच्या घरात कधी कोणी विचारल्याचं आठवत नाही. आपल्याकडे कुत्र्याला मान मोठा आहे. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे बसलेले असतात आणि त्यांना चार वेद मानतात. खंडोबाबरोबर कुत्रा आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकतो, आणि धर्मराज स्वर्गाच्या दारात कुत्र्यासाठी अडून बसला हीसुद्धा. तरी या सगळ्यांत त्याची जागा उंबऱ्याबाहेरची आहे. जेवणाआधी त्याच्यासाठी घास काढून ठेवायचा, तोही बाहेरच. कुत्र्यासोबत एकाच छताखाली, एकाच सोफ्यावर, एकाच एसीत राहण्याची रीत आपल्याला आई-आजीकडून मिळालेली नाही. ती आपली पिढी स्वतःच्या चुकांतून शिकते आहे.

आणि सगळ्यात मोठी चूक होते ती अंगणाबाबत. अंगण बरीच कामं करायचं. कुत्र्याला हिंडायला जागा द्यायचं, हुंगायला माती द्यायचं, दोन कुत्री भांडली तर दोघांना दोन कोपरे द्यायचं, पाऊस आला तर पडवी द्यायचं. चौदाव्या मजल्यावर यातलं काहीच नाही. अंगणाचं ते सगळं काम आता कोणा ना कोणा माणसाला करावं लागतं, आणि प्रत्येक कुत्र्यामागे करावं लागतं. हे मला तिसरं कुत्रं आल्यावर समजलं.

इथे मला 'छोटं' या शब्दाबद्दल बोलायचं आहे, कारण आमच्या घरात पहिल्यानंतरची तिन्ही कुत्री या शब्दाच्या आधारावर आली. 'छोटंसं तर आहे, मावेल की.' मावतं, हे खरं आहे. चारही जण एका गादीवर मावतात. पण छोटं कुत्रं हे पूर्ण कुत्रं असतं. पूर्ण वाढलेल्या अल्सेशियनच्या तोंडात 42 दात असतात आणि वीतभर तोंडाच्या लाडूलाही निसर्गाने 42 च दिले आहेत. ते दाटीवाटीने, वाकडेतिकडे बसतात, त्यांत अन्न अडकतं, हिरड्या सुजतात. नवव्या वर्षाच्या आत त्याचे सहा दात काढावे लागले. रेबीजची लस चिंगीलाही दरवर्षी लागते. दिवाळीच्या फटाक्यांना ठमीचं काळीज एखाद्या मोठ्या कुत्र्याइतकंच धडधडतं. किंबहुना काही गोष्टी छोट्यांनाच जास्त लागतात. मूत्राशय लहान, त्यामुळे बाहेर नेण्याच्या वेळा जास्त. पिल्लू असताना पोट फार वेळ रिकामं ठेवून चालत नाही, रक्तातली साखर उतरते. गुळगुळीत फरशीवरून घसरून आणि सोफ्यावरून उड्या मारून गुडघ्याची वाटी सरकते. डॅशहंडच्या लांब पाठीचे मणके तर कायम धोक्यात.

ही कुत्री मूळची या हवेतलीही नाहीत. पग चीनमधला, शिह त्झूचं मूळ तिबेट-चीनकडचं. पॉमेरियनचं नावच बाल्टिक किनाऱ्यावरच्या पोमेरेनियावरून पडलं, आणि डॅशहंड जर्मन शिकाऱ्यांनी बिळात घुसून बिज्जू बाहेर काढण्यासाठी तयार केला. ठमी सोफ्याचं कव्हर उकरते तेव्हा ती खोड्या करत नसते, तिच्या रक्तातलं काम करत असते. पगाचं चपटं नाक आपल्याला गोड वाटतं. 2003 च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने ते घराघरांत पोचवलं. पण कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्याची श्वासाची वाटच अरुंद असते. ठाण्याच्या मे महिन्यातल्या दमट दुपारी लाडूला नुसता श्वास घेण्याची मेहनत करावी लागते. वीज गेली की आम्ही आधी त्याच्यासाठी ओला टॉवेल शोधतो.

छोटेपणाचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. छोट्या कुत्र्याच्या रागाला आपण राग मानत नाही. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने 23 जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं होतं. ते परिपत्रक पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केलं. त्या वेळी सगळी चर्चा पिटबुल, रॉटवायलर अशा मोठ्या कुत्र्यांची झाली. लॅब्रॅडॉर लिफ्टमध्ये कोणावर गुरगुरला तर दुसऱ्या दिवशी ट्रेनर बोलावतात. तेच चिंगीने केलं तर लोक हसतात, 'केवढीशी आहे, पण तोरा बघा' म्हणतात, आणि मालक म्हणतो, 'काही करत नाही हो ती.'

हे वाक्य मीही कित्येक वर्षं म्हणत होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनाही म्हणत होते. त्या आल्या की चौघंही दाराशी धावायची, भुंकायची, पायांत घोटाळायची. मावशी साडी वर धरून भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. मी आतूनच ओरडायचे, 'या हो, काही करत नाहीत.' एका सकाळी ठमी पलंगाखाली होती आणि मावशींचा झाडू तिच्यापर्यंत गेला. तिने पोटरीला दात लावले. जखम लहान होती, रक्त थोडंच आलं. मी हळद लावली आणि म्हटलं, 'तिची सगळी इंजेक्शनं झालेली आहेत, घाबरू नका.' संध्याकाळी मुलगी घरी आली आणि तिने मला धारेवर धरलं. कुत्र्याचा दात लागला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची, हळद, चुना काही लावायचं नाही आणि डॉक्टरांकडे जायचं, हे मला माहीत असायला हवं होतं. मावशींना पाच इंजेक्शनं घ्यावी लागली: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. इतर तीन घरची कामं बुडली. ते पैसे आम्ही दिले, पण पैशांनी ते भरून निघत नाही.

त्या महिन्यात मावशी मला एकदा म्हणाल्या, 'वहिनी, मला पहिल्या दिवसापासून भीती वाटते. पण सांगितलं असतं तर तुम्ही दुसरी बाई बघितली असती.' दोन वर्षं त्या आमच्या घरात रोज घाबरत येत होत्या, आणि मला वाटत होतं की आमच्या घरी सगळे प्राण्यांवर प्रेम करतात. अनेक कुत्री असलेल्या घरात कामाला येणाऱ्या बाईला विचारलं पाहिजे. कुत्री आणायच्या आधी विचारलं पाहिजे, तिला 'नाही' म्हणता येईल अशा रीतीने विचारलं पाहिजे. आता मावशींच्या वेळी चौघंही बेडरूममध्ये असतात, मधे जाळीचा दरवाजा असतो, आणि कुत्र्यांचे केस झाडण्याचे, त्यांची जागा पुसण्याचे पैसे वेगळे असतात. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. पहिल्या दिवसापासून द्यायला हवं होतं ते उशिरा दिलं.

पायांत घोटाळण्याचा त्रास सासूबाईंनाही झाला. त्या 78 वर्षांच्या आहेत. पहाटे बाथरूमला जाताना अंधारात काळ्या-करड्या सखूवर पाय पडू नये म्हणून त्यांनी तो वळवला आणि पडल्या. मनगट मोडलं. मोठं कुत्रं वाटेत बसलं तर दिसतं, छोटं दिसत नाही. घरात म्हातारं माणूस आणि तीन-चार छोटी कुत्री असतील तर रात्रभर जळणारा दिवा आणि कुत्र्यांच्या गळ्यात घुंगरू या गोष्टी कुत्र्याच्या खाण्याइतक्याच गरजेच्या आहेत. आईंनी मात्र सखूला दोष दिला नाही. त्यांच्या प्लास्टर घातलेल्या हाताशी ती सहा आठवडे बसून असायची, आणि त्या तिच्याशी जेवढं बोलल्या तेवढं त्या वर्षात आमच्या कोणाशी बोलल्या नसतील. एका घरात अनेक कुत्री असण्याचं सुख काय, असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. घरातल्या प्रत्येक माणसाला त्याच्या त्याच्या एकटेपणात जाऊन बसणारं कोणीतरी असतं.

पण हे सुख कोणाच्या कष्टांवर उभं आहे? आमची चारही कुत्री ठरवून आलेली नाहीत. चिंगीला मुलीने कॉलेजात असताना हट्टाने आणलं. मग चिंगी दुपारी एकटी पडते म्हणून तिच्या सोबतीला ठमी आली. 'सोबतीला दुसरं' हा सल्ला आपल्याकडे सर्रास देतात आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. एकट्या पडणाऱ्या कुत्र्याला माणूस हवा असतो. दुसरं कुत्रं आणलं की एकटी पडणारी दोन कुत्री होतात, आणि दुसरं पहिल्याकडून दाराची बेल वाजली की भुंकायचं शिकतं. लाडू येऊरच्या रस्त्यावर सापडला. गळ्यात पट्टा होता, पायांत गोचिडी होत्या, मालक नव्हता. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या त्या कडेला बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. पगासारखं धापा टाकणारं कुत्रं तिथे किती रात्री काढेल? त्याला तिथे सोडून येणं शक्यच नव्हतं. आणि सखू आली ती पिल्लांच्या धंद्यातून. एका फ्लॅटच्या बाल्कनीत ती वर्षानुवर्षं फक्त पिल्लं देत होती. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, असे नियम केंद्राने 2017 मध्ये केले. पण शिह त्झूची मादी बाल्कनीत मावते, आवाज करत नाही, शेजारच्यांना पत्ता लागत नाही. छोट्या कुत्र्याचे हालही घरात मावतात. पिल्लू घेणाऱ्याने 'आई कुठे आहे, दाखवा' एवढं जरी म्हटलं तरी यातले बरेच जण गप्प बसतील.

असं एकेक करून घर भरतं. प्रत्येक वेळी भावना खरी असते, कारण योग्य असतं, आणि तरीही कोणी हिशेब केलेला नसतो. हिशेब सरळ आहे. आमच्या चौघांना दिवसातून तीनदा खाली न्यावं लागतं. एका माणसाला एका वेळी दोनच सांभाळता येतात, कारण ठमीला खालच्या मांजरीमागे धावायचं असतं आणि लाडूला बसून राहायचं असतं. म्हणजे दिवसाला सहा फेऱ्या, बारा वेळा लिफ्ट. एक फेरी पंधरा-वीस मिनिटांची धरली तरी रोजचे दीड-दोन तास. त्यात चार वेगळ्या थाळ्या, कारण एकत्र वाढलं तर चिंगी सगळ्यांचं खाते. सखूचे केस विंचरले नाहीत तर आठवड्यात जटा होतात. पावसाळ्यात सोळा पंजे पुसायचे, अंगावर गोचीड शोधायची, कारण गोचिडीचा ताप कुत्र्याचा जीव घेऊ शकतो. लेप्टोची लस चुकवायची नाही, कारण आपल्या भागात साचलेल्या पाण्यातून तो आजार कुत्र्यांनाही होतो आणि माणसांनाही. सगळं मिळून रोजचे चार तास जातात. महिन्याचा खर्च सोसायटीच्या मेन्टेनन्सपेक्षा जास्त आहे.

हे चार तास कोणाचे? आमच्याकडे ते बहुतांशी माझे आहेत. मी आजूबाजूला बघते तेव्हा पहाटे साडेपाचला पट्टा धरून उभ्या असलेल्या बायकाच जास्त दिसतात. मुलांच्या हट्टाने आलेलं, नवऱ्याने 'हो' म्हटलेलं कुत्रं आईच्या अंगावर पडतं. तिने नोकरी सांभाळून स्वयंपाक, म्हातारी माणसं आणि घर केलं, त्यात आता हेही. 'कुत्री मुलांना जबाबदारी शिकवतात' हे मी खूप ऐकलं आहे. ती शिकवतात, पण घरात कोणी मुलांना ती जबाबदारी घ्यायला लावली तरच. आमच्याकडे ते सासूबाईंचं मनगट मोडल्यावर झालं. त्या दिवसापासून फ्रिजवर कागद आहे. सकाळची फेरी नवऱ्याची, रात्रीची मुलीची, ती ऐरोलीच्या ऑफिसातून कितीही उशिरा येवो. दुपारची माझी. कागदावर नाव नसलेलं काम या घरात आता कोणाचं नसतं, मग ते होत नाही, आणि न झालेलं सगळ्यांना दिसतं.

म्हणून मला वाटतं की घरात किती कुत्री असावीत हे घराच्या चौरस फुटांवरून ठरवू नये. दिवसाचे किती तास आणि कोणाचे हात खात्रीने मिळतील, यावरून ठरवावं. नेरूळला सिडकोच्या जुन्या तळमजल्याच्या घरात माझी बहीण राहते. मागे चार फुटांची का होईना, मोकळी जागा आहे. ती आणि तिचे यजमान दोघंही निवृत्त आहेत. त्यांना तीन कुत्री जड नाहीत. दोघंही सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला परतणाऱ्या घरात, घर कितीही मोठं असलं तरी, एकही जड आहे.

आता ठरावाकडे येते. आमच्याच विंगमध्ये नवव्या मजल्यावर असं एक कुत्रं आहे. दिवसभर बाल्कनीत एकटं असतं आणि दुपारी रडतं. भुंकत नाही, रडतं. ठराव मंजूर झाला असता तर ते घर नियमात बसलं असतं. आकड्याने त्रास मोजला जात नाही, हे मला सभेत यावरून सांगायचं होतं. दुसरं म्हणजे अशी बंदी सोसायटीला घालता येत नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली 1962 मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झालं. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून तो कायदा आला आणि त्याच मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. या मंडळाने फेब्रुवारी 2015 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येणार नाही, सभेत बहुमत असलं तरी नाही; जातीवरून किंवा आकारावरून भेद करता येणार नाही; भुंकणं हे बंदीचं कारण होऊ शकत नाही, असं त्यांत स्पष्ट आहे. पण त्याच सूचनांत पाळणाऱ्यांनाही सांगितलेलं आहे की कुत्र्याला शांत ठेवण्याचा प्रयत्न करा, विशेषतः रात्री, आणि त्याची घाण स्वतः उचला. श्वानप्रेमी मंडळी पहिला अर्धा भाग छापून लिफ्टमध्ये लावतात आणि दुसरा विसरतात. मला याचा राग येतो, कारण त्या विसरण्यातूनच ठराव जन्माला येतात.

सभेत एकांनी सिंगापूरचं उदाहरण दिलं. तिथल्या सरकारी गृहसंकुलांत एका घरात एकच कुत्रा ठेवता येतो, तोही ठरवून दिलेल्या छोट्या जातींमधला. हे खरं आहे. पण तिथे तो नियम कुत्रं आणायच्या आधी माहीत असतो, कुत्र्याचा परवाना असतो, आणि कुत्र्यांना मोकळं सोडायला कुंपणाची मैदानं असतात. इथे आम्ही कुत्रं घरात दहा वर्षं राहिल्यावर नियम करू पाहतो. माझी तिसरी आणि चौथी कुठे जाणार? लाडू जिथून आला तिथेच, येऊरच्या रस्त्यावर?

मी सभेला दुसरा मसुदा दिला. कुत्र्यांची संख्या न विचारता प्रत्येक घराकडून महापालिकेचा परवाना आणि लशीचा दरवर्षीचा दाखला मागावा. लिफ्टमध्ये आणि आवारात पट्टा सुटता कामा नये, कुत्रं हातावर उचलण्याएवढं छोटं असलं तरी. बाल्कनीचा संडास करू नये, कारण वरच्या बाल्कनीत ओतलेलं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येतं. तीन किंवा जास्त कुत्री असलेल्या घराने दिवसा घरात कोण असतं ते लेखी द्यावं आणि शेजाऱ्याच्या तक्रारीला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं. जास्त कुत्री असलेल्यांवर जास्त बंधनं असावीत, हे मला स्वतःला मान्य आहे. त्या बदल्यात सोसायटीने आवाराच्या मागच्या बाजूला थोडी मातीची जागा आणि एक झाकणाचा डबा द्यावा.

भुंकण्याबद्दल वेगळं सांगते, कारण आमची खरी चूक तिथे होती. एक भुंकलं की चारही भुंकतात. खालच्या मजल्यावर दहावीची मुलगी होती. तिच्या आईने दोनदा नम्रपणे सांगितलं आणि मी दोन्ही वेळा म्हटलं, 'बघतो हं.' ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र म्हणजे 10 ते 6. पण दहावीच्या मुलीला दुपारही हवी असते. शेवटी आम्ही डोअरबेलच काढून टाकली आणि दारावर 'बेल नाही, फोन करा' अशी पाटी लावली. दाराखालची फट बंद केली, म्हणजे पॅसेजमधले पाय दिसत नाहीत. दुपारी दोन जोड्या दोन खोल्यांत ठेवू लागलो. महिन्याभरात फरक पडला. हे सगळं मी पहिल्या तक्रारीलाच करू शकले असते.

एक गोष्ट आणखी आहे जी चार पिल्लांच्या गोड दिवसांत सुचत नाही. छोटी कुत्री साधारण 12 ते 15 वर्षं जगतात. पाच-सहा वर्षांच्या आत चारही आणली की ती एकाच सुमारास म्हातारी होतात. चिंगी आता अकरा वर्षांची आहे. तिला रात्री खोकला येतो. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून सांगितलं की हृदयाच्या झडपेचा आवाज येतो आहे, छोट्या जातींत म्हातारपणी हे फार होतं. आता रोज दोन वेळा गोळी, रात्री उठून तिचे श्वास मोजायचे. लाडूची दृष्टी मंद झाली आहे. सखूच्या गर्भाशयात पू झाला होता, शस्त्रक्रियेने वाचली. तिची नसबंदी वेळेवर झाली असती तर ते टळलं असतं. जिने चिंगीला आणलं ती मुलगी वर्षभरात लग्न होऊन पुण्याला जाईल. ते दोन हात कमी होतील, आणि फ्रिजवरचा कागद पुन्हा लिहावा लागेल.

ठराव तहकूब झाला आहे. माझा मसुदा कमिटीकडे आहे.

मागच्या महिन्यात डी विंगमधल्या आजी वारल्या. त्यांच्यामागे त्यांचा बंडू राहिला, नऊ वर्षांचा पॉमेरियन. मुलगा बंगळूरहून आला होता. तेराव्यानंतर तो आमच्याकडे येऊन म्हणाला, 'काकू, तुमच्याकडे चार आहेतच. छोटासा आहे, पाचव्याचं काय जड?' बंडू त्याच्या पायाशी बसून चिंगीकडे बघत होता. मी त्याला एक दिवस थांबायला सांगितलं. रात्री आम्ही चौघं कागद घेऊन बसलो. नवऱ्याची सकाळ भरलेली, माझी दुपार भरलेली, मुलगी जाणार, आईंना आता वाकता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला नाही म्हटलं. म्हणताना मला रडू आलं, आणि त्यालाही. पण त्याला मी हेही सांगितलं की घर मिळेपर्यंत संध्याकाळची फेरी माझी. त्याने रजा वाढवली आहे. रोज साडेसहाला, आमची चौघं वर गेल्यावर, मी बंडूला घेऊन आवाराला दोन चकरा मारते. आजी बसायच्या त्या बाकापाशी तो थांबतो, हुंगतो, मग पुढे येतो. दोन घरांशी बोलणं चालू आहे. दोन्हीकडे आणखी कुत्री नाहीत, आणि दोन्हीकडे मी एकच प्रश्न विचारला आहे: दुपारी घरी कोण असतं?